तिसऱ्या इंजेक्शननंतरचे पाच महिने

पेडणे तालुक्यातले एक पेटीमास्तर. वय 63, मधुमेह सोळा वर्षांचा, उजव्या डोळ्याच्या पडद्याला (रेटिनाला) मध्यभागी सूज. त्यांच्या संमतीने हे प्रकरण लिहिते आहे. नाव-गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी म्हापशातल्या एका नेत्र दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. या सुजेसाठी डोळ्यात द्यायचं इंजेक्शन रेटिनाचे डॉक्टर देतात. त्याआधीची दृष्टी तपासणी, स्कॅन आणि रुग्णाशी, घरच्यांशी बोलणं हे माझ्याकडे. हे प्रकरण निवडलं, कारण यात सुई चुकली नाही, औषध चुकलं नाही, जंतुसंसर्गही झाला नाही. तरी दृष्टी तपासायच्या तक्त्यावरच्या दोन ओळी गेल्या आणि परत आल्या नाहीत.

मास्तर चवथ (गणेशचतुर्थी) आटोपल्यावर आले. आपल्याकडे जुलै-ऑगस्टपासून सगळी दुखणी ‘चवथीनंतर बघू’ म्हणून बाजूला पडतात, त्यांचंही तसंच झालं होतं. भजनाच्या वहीतली अक्षरं मधेच पुसल्यासारखी दिसतात, दाराची चौकट वाकडी वाटते, ही तक्रार. नंबर वाढला असेल म्हणून त्यांनी दोनदा चष्मा बदलला होता. सोळा वर्षांत साखर नियमाने नाही तरी अधूनमधून तपासली होती. डोळ्याचा पडदा मात्र एकदाही कुणी बघितला नव्हता. पाय बघितले होते, लघवी बघितली होती. आत भिंग लावून डोळा बघायला त्यांना कुणी पाठवलंच नव्हतं.

उजव्या डोळ्याची दृष्टी 6/36 (निरोगी डोळ्याची 6/6; खालचा आकडा जितका मोठा तितकं कमी दिसतं), जवळचं वाचन एन 24 (एनचा आकडा मोठा, म्हणजे मोठंच अक्षर वाचता येतं). डाव्याची 6/9 आणि एन 6. उजव्या पडद्यावर रक्ताचे ठिपके, पिवळसर साके, आणि ओसीटी स्कॅनमध्ये (यात पडद्याचे थर आडव्या छेदात दिसतात) मध्यभागाची जाडी 486 मायक्रॉन. निरोगी डोळ्यात ती साधारण अडीचशेच्या आसपास असते. डाव्या पडद्यावरही ठिपके होते, पण मध्यबिंदू अजून कोरडा, 272. दोन्ही डोळे उघडे असले की मेंदू चांगल्या डोळ्याचं चित्र पुढे करतो, त्यामुळे एक डोळा किती गेला आहे ते माणसाला समजत नाही. मी त्यांचा डावा डोळा झाकला तेव्हा मास्तर थबकले. “हे असं कधीपासून आहे?” असं त्यांनी मलाच विचारलं. याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गोव्यात मधुमेहाचं प्रमाण 26.4 टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. देशाची सरासरी 11.4 टक्के होती. चारातल्या एका प्रौढाला मधुमेह असेल, तर अशी प्रकरणं आपल्या प्रत्येक वाड्यावर असणार.

या आजारात होतं ते असं. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने पडद्याच्या केशवाहिन्या झिजतात. काही बंद पडतात, तिथल्या पेशींना प्राणवायू कमी पडतो, आणि त्या व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. हे प्रथिन नव्या रक्तवाहिन्यांना बोलावतं आणि आहेत त्यांच्या भिंती सैल करतं. मग पातळ द्रव पाझरून पडद्याच्या थरांत साचतो. पावसाळ्यात चिऱ्यांच्या भिंतीला ओल उतरते, तशी ही सूज; वरून कितीही रंग काढला तरी पाणी यायचं थांबत नाही. इंजेक्शनातलं औषध व्हीईजीएफला पकडून निकामी करतं, पाझर थांबतो, साचलेला द्रव शोषला जातो. पण ज्या कारणाने ते प्रथिन सुटतं ते कारण जागेवरच असतं. औषध आठवड्यांच्या हिशेबाने ओसरतं, आणि पाझर पुन्हा सुरू होतो. पुढचं सगळं यावरून समजेल.

पहिल्या भेटीतला निम्मा वेळ सुईच्या भीतीत गेला. तो जातोच. “डोळ्यात सुई? बाय, झोपवून देतात ना?” मी सांगितलं, झोपवत नाहीत, थेंबांनीच बधिर करतात. मुलगा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये असतो, तो सुट्टी काढून आला होता. त्याने विचारलं, सर्वांत चांगलं औषध कोणतं?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. डोळ्यांत देण्याची अशी औषधं बरीच आहेत, त्यांतली तीन आमच्यासमोर होती. बेव्हॅसिझुमॅब हे मुळात कर्करोगाचं औषध, 2004 पासूनचं. त्याच्या एका कुपीतून निर्जंतुक जागेत डोळ्यांसाठी अनेक लहान मात्रा काढता येतात, म्हणून ते स्वस्त पडतं. हे वाटप नीट झालं नाही तर धोका असतो. 2016 मध्ये गुजरातमध्ये या औषधानंतर काही रुग्णांच्या डोळ्यांना त्रास झाला, तेव्हा औषध नियंत्रकांनी ते डोळ्यांत वापरण्याविरुद्ध इशारा दिला होता, तो पुढे मागे घेतला गेला. तेव्हापासून मात्रा कुठे भरली जाते हे आम्ही फार काटेकोरपणे बघतो. रॅनिबिझुमॅब खास डोळ्यांसाठी बनलं, आणि त्याचं भारतीय जैवसदृश औषध (मूळ औषधाच्या धर्तीवर दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) 2015 पासून मिळतं. अफ्लिबरसेप्ट आणखी महाग. 2015 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, ‘प्रोटोकॉल टी’मध्ये, 660 रुग्णांवर या तिघांची तुलना झाली. दृष्टी साधारण 6/15 किंवा त्याहून कमी असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्टने जास्त फायदा झाला. दृष्टी त्याहून बरी असेल तर तिघांत फरक नव्हता.

मास्तर 6/36 वर होते. त्यामुळे मुलाने अफ्लिबरसेप्ट मागितलं ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच होतं, आणि डॉक्टरांनी ते दिलं. पण त्याच चाचणीत रुग्णांना पहिल्या वर्षात नऊ-दहा इंजेक्शनं लागली होती. तो फायदा त्या सगळ्या इंजेक्शनांचा मिळून होता. ‘कमीत कमी वर्षभर’ हे शब्द फाइलवर होते आणि बोलण्यातही आले होते. पण सुईला घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात पहिलं इंजेक्शन एवढं मोठं झालेलं असतं, की पाचवं-सहावं त्याला ऐकूच येत नाही.

इंजेक्शनच्या दिवसाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हे वाचून कुणाची भीती कमी झाली तर हवीच आहे. कुठला डोळा त्याची कपाळावर खूण होते. बाहुली मोठी करणारे थेंब, मग बधिर करणारे थेंब दोन-तीनदा. पापण्या आणि डोळा पोव्हिडोन आयोडीनने धुतात. डोळ्यात 5 टक्के द्रावण टाकून थोडा वेळ थांबतात. जंतूंविरुद्धचा मुख्य बंदोबस्त हाच. चेहऱ्यावर हिरवं कापड, पापण्या उघड्या ठेवायला तारेचा चाप. डॉक्टर मोजपट्टीने बुबुळाच्या कडेपासून 4 मिलिमीटरवर खूण करतात (मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर साडेतीन), तिथून सुई आत जाते. पुढे नैसर्गिक भिंग, मागे पडदा, आणि ही जागा दोघांनाही टाळून जाते. सुई 30 गेजची, केसासारखी. औषध 0.05 मिलिलिटर, म्हणजे एक थेंब. प्रत्यक्ष टोचणं काही सेकंदांचं. लगेच डॉक्टर बोटं दाखवून विचारतात, किती?

मास्तरांना बोलायची सवय. कापडाखालून ते विचारू लागले तेव्हा डॉक्टरांनी हात थांबवला. तोंडातले जंतू डोळ्यापर्यंत पोचू नयेत म्हणून त्या दोन मिनिटांत खोलीत कुणीच बोलत नाही, डॉक्टरसुद्धा नाही. मास्तरांनी पुढे प्रत्येक वेळी हे न सांगता पाळलं.

घरी गेल्यावर संध्याकाळपर्यंत डोळा चुरचुरतो, तो बहुतेक आयोडीनमुळे. पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग दिसू शकतो, तो आठवडा-दोन आठवड्यांत जातो. काळे ठिपके तरंगताना दिसतात, ते बहुधा हवेचे बुडबुडे, दोन दिवसांत विरतात. ज्याला घाबरायचं ते वेगळं. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दुखणं वाढत गेलं, डोळा जास्त लाल झाला, उजेड सहन होईना, दृष्टी धूसर होत गेली, तर रविवार असो की सण, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे एखादं इतकंच आहे, पण झाला तर तासांनी फरक पडतो. मास्तरांच्या घरात फोनशेजारी मी हा कागद लावायला सांगितला होता, आणि तो लावलेला होता.

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर अशी तीन इंजेक्शनं वेळेवर झाली. परिणाम पाठ्यपुस्तकात शोभेल असा. दृष्टी 6/12, वाचन एन 8, जाडी 322. त्या दिवशी तक्त्यावरची ओळ वाचताना त्यांचा आवाज चढला, बायकोने पदर डोळ्याला लावला. चौथं इंजेक्शन डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलं, फाइलवर तारीख पडली.

मास्तर आले नाहीत. आमच्या दवाखान्यातून फोन गेला, “जत्रा आटोपली की येतो” असं उत्तर मिळालं. जानेवारीत पुन्हा फोन, पुन्हा तेच. पेडण्यात कार्तिकापासून माघापर्यंत एका गावाची जत्रा संपते तर दुसऱ्याची लागते. रात्र रात्र नाटकं, दशावतार, भजनं. पेटीमास्तरांची कमाई याच दिवसांतली. शिवाय त्यांना दिसत होतं. पदांची वही कंदिलासारख्या उजेडातही वाचता येत होती. दिसत असताना डोळ्यात सुई टोचून घ्यायला कोण जाणार?

ते एप्रिलमध्ये आले, शिगमाही होऊन गेल्यावर. तिसऱ्या इंजेक्शनला पाच महिने झाले होते. उजवा डोळा 6/60. जाडी 561, म्हणजे सुरुवातीपेक्षाही जास्त. स्कॅनमध्ये आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला जाडीपेक्षा जास्त खुपली. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या थराची जी सलग उजळ रेषा असते, ती मध्यबिंदूखाली दोन जागी तुटली होती. सूज औषधाने उतरते. ही रेषा तुटून बरेच दिवस झाले, की पूर्ववत होईल याची खात्री देता येत नाही. डावा डोळाही 6/12 वर आला होता आणि त्याच्या मध्यबिंदूच्या कडेला द्रव दिसत होता.

पुष्कळ रुग्णांना वाटतं, उशीर झाला तरी नंतर जास्त इंजेक्शनं घेऊन भरून काढू. ‘राइड’ आणि ‘राइज’ या जोडचाचण्यांत हे तपासलं गेलं आहे. ज्या गटाला पहिली दोन वर्षं औषधच दिलं नव्हतं, त्यांना तिसऱ्या वर्षी ते सुरू केलं. सूज उतरली, पण दृष्टी आधीपासून औषध घेणाऱ्यांच्या जवळपासही पोचली नाही. मास्तरांचा खंड पाच महिन्यांचा, त्या मानाने लहान. तरी कारण तेच. सुजेत बुडालेल्या पेशी वाट बघत थांबत नाहीत.

एप्रिलच्या त्या भेटीत मास्तर बाहुली मोठी व्हायची वाट बघत बाहेर बसले होते, तेव्हा त्यांच्या पत्नी माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, “जत्रा होती हे खरं, बाय. पण पैसेही नव्हते. तिसऱ्या इंजेक्शनाला सोसायटीतलं काढलं. चौथ्याला मुलाकडे मागायचं म्हणजे त्याचा घराचा हप्ता चुकला असता. त्यांनीच सांगितलं, मला आता दिसतं, कुणाला काही बोलू नका.”

माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथे आहे. मुलाने प्रेमापोटी सर्वांत महागडं औषध निवडलं, वडिलांनी प्रेमापोटी चौथ्याचा खर्च लपवला, आणि दोघांच्या मधे डोळा कोरडा राहायला हवा होता ते पाच महिने वाहून गेले. एका वेळी परवडेल ते औषध विचारणं निरुपयोगी आहे. नऊ-दहा वेळा, वर्षभर, घरातली इतर कामं न मोडता काय परवडेल, हे विचारायला हवं. आणि ते पहिल्या सुईच्या आधी, मुलगा व वडील दोघं समोर असताना, आकडे कागदावर मांडून.

एप्रिलमध्ये तसंच केलं. डॉक्टरांनी बेव्हॅसिझुमॅब सुचवलं. मुलगा नाराज झाला, “म्हणजे आता हलकं औषध?” 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने या शंकेचं उत्तर दिलेलं आहे. ज्यांची दृष्टी कमी आहे अशा रुग्णांच्या एका गटाला सुरुवातीपासून अफ्लिबरसेप्ट दिलं. दुसऱ्याला बेव्हॅसिझुमॅबने सुरुवात करून, गुण कमी पडला तरच औषध बदललं. दुसऱ्या गटातल्या सुमारे 70 टक्के डोळ्यांचं औषध दोन वर्षांत बदलावं लागलं हे खरं, पण दोन वर्षांअखेर दोन्ही गटांच्या दृष्टीत लक्षणीय फरक नव्हता. मी त्याला हे असंच सांगितलं, 70 टक्क्यांची गोष्ट न वगळता. बदलायची वेळ आली तर ती आपण स्कॅन बघून ठरवू, खिसा रिकामा झाल्यावर नाही.

घरात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड होतं, कपाटात. 2016 पासूनची ही योजना; तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत आधार. कोणता उपचार, कुठल्या इस्पितळात बसतो हे आधी विचारून घ्यावं लागतं. बांबोळीच्या गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या) नेत्रविभागाचा पर्यायही त्यांच्यापुढे ठेवला. या चौकशीला वेळ लागणार होता आणि सूज थांबणार नव्हती, म्हणून पहिली मात्रा त्याच आठवड्यात दिली.

त्या भेटीत मी त्यांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर ठेवायला लावल्या. साखरेच्या एका मिश्र गोळीत पायोग्लिटाझोन होतं. या औषधाने शरीरात पाणी धरून राहतं, पायांना सूज येते, आणि काहींच्या पडद्यावरची सूजही वाढते. मास्तरांचे घोटे खरोखरच सुजलेले होते. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना चिठ्ठी दिली, त्यांनी गोळी बदलली. रक्तदाब 160/94 होता, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) 9.4. लघवीतून प्रथिन जात होतं, म्हणजे मूत्रपिंडातही तोच आजार पोचला होता. हे सगळं मोकळं सोडून डोळ्यात एकामागून एक इंजेक्शनं देत राहणं मला पटत नाही. पडदा हा शरीराबाहेर ठेवलेला भाग नाही.

एप्रिल ते ऑगस्ट, दर महिन्याला एक, अशी पाच इंजेक्शनं झाली. डाव्या डोळ्याचा मध्यबिंदूही जूनमध्ये सुजला, तेव्हापासून तोही डोळा धरला. दोन्ही डोळे एकाच दिवशी न करता आठवड्याचं अंतर ठेवलं. त्यांना फेऱ्या जास्त पडल्या, पण एकदाही कुरकुर नाही. मुलाची शिफ्ट बघून दिवस ठरवायचे, आणि तो नसेल तेव्हा शेजारचा एक जण म्हापशापर्यंत सोबत. बाहुली मोठी केलेल्या डोळ्यांनी एकट्याने बस पकडणं धोक्याचं.

ऑगस्टअखेर उजवा डोळा 6/24, एन 12. जाडी 305, म्हणजे नोव्हेंबरातल्यापेक्षा कोरडा. सूज कमी असूनही दृष्टी 6/12 वर परतली नाही; स्कॅनमधली ती रेषा एका जागी जुळली, दुसऱ्या जागी तुटकच राहिली. दोन ओळींचा हिशेब असा लागतो. डावा 6/9 वर परत आला. एचबीएवनसी 7.6, रक्तदाब 136/82.

पुढे अंतर वाढवत नेलं: सहा आठवडे, मग आठ. यात तपासणी आणि इंजेक्शन एकाच दिवशी होतं. डोळा कोरडा राहिला तर पुढचं अंतर दोन आठवड्यांनी वाढवायचं, द्रव दिसला तर मागे यायचं. नोव्हेंबरचं इंजेक्शन मुद्दाम जत्रांच्या आधी बसवलं आणि पुढची तारीख फेब्रुवारीत, त्यांच्या गावाचं भजन नसलेल्या दिवशी. नातीने पदांची वही मोठ्या टंकात छापून दिली. मास्तर आठवड्यातून दोनदा एकेक डोळा झाकून चौकटीचा कागद बघतात, रेघ वाकडी दिसली तर फोन करायचा. डिसेंबरात असा एक फोन आला होता. तपासलं, सूज नव्हती, भिंगावरचा मोतीबिंदू थोडा वाढला होता. असे दहा फोन वाया गेले तरी चालतील.

आता आमच्याकडे तिसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी वेगळी बैठक असते. दृष्टी सुधारलेली असते, घरचे खुशीत असतात, आणि सोडून देण्याचा विचार नेमका तेव्हाच मनात येतो. जुना स्कॅन आणि नवा स्कॅन शेजारी ठेवून मी दाखवते की हा कोरडेपणा औषधाचा आहे, अजून डोळ्याचा स्वतःचा नाही. किती वर्षं चालणार, हेही विचारतात. याला दिलासा देणारं उत्तर आहे: ‘प्रोटोकॉल आय’ या पाच वर्षांच्या अभ्यासात पहिल्या वर्षी आठ-नऊ इंजेक्शनं लागली, दुसऱ्या वर्षी दोन-तीन, आणि पाचव्या वर्षी निम्म्याहून अधिक रुग्णांना एकही लागलं नाही. सगळ्यांचं असं होईल असं मी म्हणत नाही. मास्तरांचं अजून झालेलं नाही.

फेब्रुवारीत दहा आठवड्यांनी ते आले तेव्हा उजव्या डोळ्यात द्रवाच्या दोन लहान पोकळ्या परतल्या होत्या. दृष्टी तीच, 6/24. डॉक्टरांनी त्याच दिवशी इंजेक्शन दिलं आणि अंतर पुन्हा आठ आठवडे केलं. येत्या एप्रिलच्या स्कॅनमध्ये आठ आठवड्यांवरही द्रव दिसला, तर औषध बदलायचं, खर्चाचा कागद तयार आहे. त्यानेही भागलं नाही तर डोळ्यात स्टेरॉइडची लहान कांडी बसवायची. तिने मोतीबिंदू वाढतो आणि डोळ्यातला दाब चढू शकतो, म्हणून दाब आत्तापासूनच दर भेटीत मोजतो आहोत. डाव्या डोळ्याचं इंजेक्शन पुढच्या मंगळवारी आहे, मुलाची त्या दिवशी दुपारची शिफ्ट आहे, त्यामुळे सकाळी पहिला नंबर त्यांचा.